होमरूमची १५ मिनिटं गणिताला द्यायची का? वर्गशिक्षकांचं मत हवं आहे

नववी_क_च्या_बाई

नमस्कार. जरा लांबलचक लिहिते आहे. शुक्रवारच्या बैठकीत मला बोलायचं आहे आणि काय बोलायचं ते अजून माझंच पक्कं नाही.

आमच्या शाळेत पहिल्या तासाआधी १५ मिनिटं होमरूम असतो. वर्गशिक्षक आणि त्यांचा वर्ग, एवढंच. विषय नाही, पुस्तक नाही. हजेरी, सूचना, राहिलेले फॉर्म, आणि वेळ उरलाच तर गप्पा. पुढच्या सत्रापासून हजेरी दाराजवळच्या यंत्रावर कार्ड टेकवून लागणार आहे. त्यामुळे प्रश्न निघाला की हजेरी गेली तर या १५ मिनिटांचं काम काय? प्रस्ताव असा आहे की ती पहिल्या तासाला जोडावीत आणि आठवी ते दहावीला रोज गणिताचा सराव द्यावा. स्टाफरूममध्ये बहुतेकांना पटलेलं दिसतंय. मलाही अर्धं पटलंय, तिथेच अडलंय.

वर्गशिक्षिका म्हणून माझं हे दुसरंच वर्ष. वर्गात ४२ मुलं. मागच्या सोमवारी मी घड्याळ समोर ठेवून बसले. हजेरी ४ मिनिटं. संमतीपत्रं गोळा करणं ३. ग्रंथालयाची थकलेली पुस्तकं, नावं वाचून दाखवणं २. ऑफिसातून आलेली सूचनावही ३. एका मुलाच्या ओळखपत्रावर जन्मतारीख चुकली होती, त्यात २. उरलं १ मिनिट, तेवढ्यात टोल झाला. मंगळवारी तेवढंही उरलं नाही. अशा १५ मिनिटांसाठी मी कोणत्या तोंडाने भांडू?

पण बुधवारी सूचनावही आलीच नाही. हजेरी झाल्यावर ९ मिनिटं रिकामी मिळाली. काय करावं सुचेना म्हणून मी सहज मागच्या बाकाकडे गेले आणि तिथे टेकले. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, सत्र सुरू झाल्यापासून स्वतःहून एक शब्द बोलली नव्हती, ती उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘बाई, मला फळ्यावरचं दिसत नाही. मी शेजारणीच्या वहीतून उतरवते.’ दोन महिने! मी तिला आठवड्याला ५ तास विज्ञान शिकवते. तिच्या प्रगतिपुस्तकात मी माझ्या हाताने लिहिलंय, ‘वर्गात लक्ष नसते.’

ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. म्हणून विचारते. हा वेळ खरंच वेगळा लागतो का, की हे सगळं कुठल्याही तासाला होऊ शकतं? तुम्ही त्या वेळात नेमकं काय करता? तत्त्वं नकोत, सकाळी वर्गात शिरल्यापासून काय करता ते सांगा.

कर्णरेषा

मी गणिताचा शिक्षक आहे आणि दहावीचा वर्गशिक्षकही. माझं मत कदाचित तुम्हाला आवडणार नाही, पण मनापासून सांगतो.

वर्षाला २०० दिवस शाळा धरा. १५ गुणिले २००, म्हणजे ३००० मिनिटं. ४० मिनिटांच्या तासांत मोजले तर ७५ तास. ७५! नववीत येणाऱ्या मुलांतल्या कितीतरी जणांना अपूर्णांकांची बेरीज करताना छेद समान का करायचा ते ठाऊक नसतं. नियम पाठ असतो, कारण माहीत नसतं. पुढे बीजगणितात तेच मूल आपटतं आणि ‘मला गणित येत नाही’ असं स्वतःबद्दल ठरवून टाकतं. रोज थोडा थोडा सराव एकदम केलेल्या मोठ्या सरावापेक्षा जास्त टिकतो, हे शिक्षणाच्या अभ्यासातून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. रोजची १५ मिनिटं म्हणजे त्यासाठी अगदी हवा तसा वेळ.

आणि आत्ता त्या वेळात काय चालतं? माझ्या वर्गात पोरं गृहपाठ उतरवत बसतात. मी समोर उभा असतो, सूचना वाचतो, टोलची वाट पाहतो. मुलांशी कसं बोलायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. मला गणित शिकवता येतं. जे येतं ते मुलांना द्यावं असं मला वाटतं. त्या मुलीचं म्हणाल, तर ती माझ्या तासालाही सांगू शकली असती. फळ्यावरचं उदाहरण सोडवायला बोलावलं असतं तर कळलंच असतं.

जुना_कॅटलॉग

बाई, मी २६ वर्षं वर्गशिक्षिका होते. गेली काही वर्षं निवृत्त आहे. तुमची ती ९ मिनिटं वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं.

आधी सरांना. सर, तुमचा हिशोब बरोबर आहे. मीही एकदा मांडला होता, फक्त भागाकार वेगळा केला. ३००० मिनिटं भागिले ४२ मुलं. प्रत्येकाच्या वाट्याला वर्षभरात ७१ मिनिटं येतात. शाळेतल्या कुठल्या तरी एका मोठ्या माणसाने या एका मुलाकडे, त्याच्या कुठल्याही विषयाकडे न पाहता, फक्त त्याच्याकडे पाहावं, त्यासाठी सबंध वर्षात एक तास अकरा मिनिटं. ती काढली तर वेळापत्रकात याची दुसरी जागा कुठे आहे ते मला दाखवा. मी २६ वर्षं शोधली.

ती मुलगी तुमच्या तासाला फळ्याजवळ आली असती हे खरं. पण फळ्याजवळ उभं राहिल्यावर तिला दिसलं असतं, सर. अडचण तिसऱ्या बाकावर होती.

होमरूम ही गोष्ट निघाली का, तेही या प्रश्नात महत्त्वाचं आहे. एकच शिक्षक दिवसभर एकाच वर्गाला सगळं शिकवत होता तोवर त्याची गरज नव्हती. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माध्यमिक शाळा मोठ्या झाल्या, विषयवार शिक्षक आले, मुलं दर तासाला या खोलीतून त्या खोलीत जाऊ लागली. मग लक्षात आलं की इंग्रजीच्या शिक्षकाला मुलाचं इंग्रजी माहीत आहे, गणिताच्या शिक्षकाला गणित, आणि मूल कुणालाच माहीत नाही. १९२० च्या दशकात तिथे होमरूम पसरला तो त्या भेगेवर टाका म्हणून. तिथेही पुढे त्याचं तेच झालं जे तुमच्या सोमवारचं झालं: हजेरी, कागद, घोषणा. इतकं की १९८९ मध्ये कार्नेगी संस्थेच्या एका अहवालात पुन्हा सांगावं लागलं की दहा ते पंधरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला नीट ओळखणारं निदान एक मोठं माणूस शाळेत असलं पाहिजे. म्हणजे तुमची तक्रार नवी नाही. ही वेळ जिथे जिथे दिली गेली तिथे तिथे कागदांनी ती खाल्ली आहे, आणि ती परत मिळवण्याचं काम दर पिढीत कुणीतरी करावं लागलं आहे.

आता सकाळपासूनचं सांगते.

मी टोलच्या ५ मिनिटं आधी दारात उभी राहायचे. वर्गात नाही, दारात. मूल आत येताना एकदा तरी नजरेला नजर होते. कोण धावत आलं, कोण कुणाबरोबर आलं, काल ज्यांच्या गळ्यात गळे होते त्यांच्यात आज वीस पावलांचं अंतर का आहे, हे सगळं दारात दिसतं. खुर्चीत बसल्यावर दिसतात फक्त डोकी.

सूचना मी वाचत नसे. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखलेली, आठवड्याला एक मूल सूचनावही घेऊन त्यात लिहायचं. ज्याला हवं ते वाचेल. तोंडी सांगायची फक्त बदललेली गोष्ट, म्हणजे आजची परीक्षा उद्यावर गेली वगैरे. कागद गोळा करायला दारामागे एक खोकं. टोलपर्यंत खोक्यात पडलं ते ऑफिसात गेलं, नाही पडलं ते उद्या. पहिले पंधरा दिवस ऑफिसातून बोलणी खाल्ली. मग मुलांना सवय झाली, मग ऑफिसालाही.

नंतर हजेरी, नाव घेऊन. क्रमांकाने कधीच नाही. क्रमांकाने दोन मिनिटं वाचतात, पण १७ म्हटल्यावर आपण वहीकडे पाहतो आणि नाव घेतलं की मान आपोआप वर होते.

आणि मग माझी २०० पानी वही. प्रत्येक मुलाला एक पान. रोज तीन मुलं ठरलेली असायची, त्यांना ते माहीत नसायचं. बाकीचा वर्ग आपापलं काही वाचत, करत बसायचा. मी त्या तिघांच्या बाकांपर्यंत जाऊन काही तरी साधं बोलायचे. ‘काल सामना कोण जिंकलं?’ ‘हे दप्तर नवं का?’ अभ्यासाचं एक अक्षर नाही, हा माझा नियम. घरी गेल्यावर त्या तिघांच्या पानांवर एकेक ओळ. १४ दिवसांत पूर्ण वर्ग व्हायचा आणि पंधराव्या दिवशी परत पहिल्यापासून. मागच्या ओळी समोर असल्यामुळे बदल दिसायचा. ‘खेळाबद्दल भरभरून बोलला.’ ‘खेळाबद्दल बोलला.’ ‘खेळायला जात नाही म्हणाला.’ तिन्ही ओळींत काहीच मोठं नाही. एकाखाली एक वाचल्या की पोटात गोळा येतो.

सगळ्यात उपयोगी गोष्ट मात्र मला ठरवून सुचलेली नाही. कॅटलॉग, म्हणजे हजेरीची वही, स्टाफरूममध्ये परत ठेवायला लागायचा. माझा खांदा दुखत होता तेव्हा एका मुलाला म्हटलं, धर जरा. वर्गापासून स्टाफरूम चाळीसेक पावलं. त्या चाळीस पावलांत तो मुलगा बोलला, वर्गात चार महिन्यांत बोलला नव्हता तेवढं. तेव्हापासून मी रोज वेगळ्या मुलाकडे कॅटलॉग द्यायचे. शेजारी शेजारी चालताना डोळ्यांत बघावं लागत नाही, हातात काहीतरी काम असतं, आणि स्टाफरूमचं दार आलं की बोलणं आपोआप संपणार हे माहीत असतं. मुलाला या तिन्हींचा आधार वाटतो. एक मुलगा असा होता की त्याचं नाव पूर्ण घ्यायच्या आत ‘हजर’ म्हणायचा. एका आठवड्यात त्याच्या ‘हजर’ला क्षणभर उशीर व्हायला लागला. बाकी काही नाही, तेवढंच. त्याच्याकडे कॅटलॉग दिला. जिन्याजवळ म्हणाला, बाबा आठ दिवस दवाखान्यात आहेत, कुणाला सांगू नका असं आई म्हणालीय. मी सांगितलं नाही. त्याच्या तीन शिक्षकांना एवढंच म्हटलं की महिनाभर याच्या गृहपाठाचं मनावर घेऊ नका.

एक चुकलेलंही सांगते, कारण तुमचं ते प्रगतिपुस्तकातलं वाक्य वाचलं. एका वर्षी माझ्याकडे परीक्षा विभाग होता आणि मी होमरूममध्ये बसून याद्या करायचे. वर्ग शांत असायचा, मला बरं वाटायचं. त्या वर्षी एका मुलीने दोन आठवड्यांत तीनदा बाक बदलला. मी ते पाहिलं, अगदी डोळ्यांनी पाहिलं, आणि डोकं परत यादीत घातलं. तिच्या मैत्रिणींनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मला ते कळलं तिची आई शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली तेव्हा. त्या वहीतलं तिचं पान अर्ध्यावर कोरं आहे. वही अजून माझ्याकडे आहे.

तेव्हा बैठकीत हजेरीसाठी भांडू नका. हजेरी यंत्राला देऊन टाका, ते ती चोख ठेवील. कुणी किती दिवस आलं नाही हे यंत्र तुमच्यापेक्षा आधी सांगेल, आणि सांगू द्या, कारण शंभरातले दहा दिवस बुडायला लागले की मूल अभ्यासात मागे पडायला लागतं, आणि महिन्याला दोनच दिवस चुकले की तो आकडा होतो. आपल्याला तो डोळ्यांनी कळत नाही. तुम्ही मागा ती ४ मिनिटं, जी यंत्रामुळे सुटली. ‘हजेरीची ४ मिनिटं वाचली, ती मला द्या’ असं म्हणा.

दोन_दप्तरं

मी शिक्षिका नाही, पालक आहे. माझी दोन्ही मुलं जपानमध्ये सरकारी प्राथमिक शाळेत जातात. हजेरी यंत्राला देऊन टाका असं जुना_कॅटलॉग म्हणतात, तिथे थोडं वेगळं सांगावंसं वाटतं.

इथे दिवसाची सुरुवात ‘असा नो काई’ने, म्हणजे सकाळच्या बैठकीने होते आणि शेवट ‘काएरी नो काई’ने, निघतानाच्या बैठकीने. ती शिक्षक चालवत नाहीत. त्या दिवशी ज्याची पाळी असेल ते मूल, त्याला ‘निच्चोकु’ म्हणतात, ते पुढे उभं राहून चालवतं. माझी धाकटी पहिलीत असताना तिची पाळी आली तेव्हा आदल्या रात्री आरशासमोर सराव करत होती.

मुलांच्या वर्गात हजेरीच्या वेळीच तब्येतही विचारतात. बाई नाव घेतात, आणि मूल नुसतं ‘हजर’ म्हणत नाही. ‘हाई, गेन्की देसु’ म्हणतं, म्हणजे ‘हो, मी बरी आहे’. बरी नसेल तर तसं सांगतं: थोडा खोकला आहे, पोट दुखतंय. बाई ते लिहून घेतात. पस्तीस मुलांच्या वर्गात हे पाच मिनिटांत होतं. म्हणजे नाव घेणं हेच विचारपूस करणं. माझ्या थोरल्याने एकदा ‘गेन्की’ म्हटलं नाही, नुसतं ‘हाई’ म्हटलं. दुपारी बाईंचा फोन आला की आज घरून निघताना काही झालं होतं का? झालं होतं. आम्ही दोघं सकाळी मोठ्याने भांडलो होतो.

रोजच्या या छोट्या बैठका वेगळ्या. त्याशिवाय वर्गाच्या स्वतःच्या कामकाजासाठी इथल्या अभ्यासक्रमातच वर्षाला ३५ तासिका ठेवल्या आहेत, पहिलीला ३४. साधारण आठवड्याला एक. वर्गातली कामं कुणी कशी वाटून घ्यायची, भांडण झालं तर काय ठरवायचं, हे मुलं त्यात बोलतात. तुमच्या बैठकीत उपयोगी पडेल म्हणून आकडा दिला. सगळं छान आहे असं मात्र नाही. वर्ग म्हणजे घर असं इतकं धरलं जातं की ज्याचं वर्गात जमत नाही त्याला लपायलाही जागा राहत नाही. तेही पाहिलंय.

नववी_क_च्या_बाई

तुम्हा सगळ्यांचे आभार. जुना_कॅटलॉग, तुमचं उत्तर छापून वहीत ठेवलंय.

काल दारात उभी राहिले. मला वाटलं होतं मुलांना विचित्र वाटेल. त्यांना वाटलं कुणाची तरी झडती आहे! तीन जण परत मागे फिरले. आज कमी फिरले.

सरांच्या मुद्द्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. माझ्याच वर्गात ११ मुलं अशी आहेत ज्यांना विज्ञानातली सूत्रं गणितामुळे अडतात. ती ७५ तासांची गरज खरी आहे.

पायरीवरची_खोली

मी शाळेत समुपदेशक आहे. माझी खोली जिन्याखाली आहे, म्हणून हे नाव.

माझ्याकडे मुलं चिठ्ठीने येतात. विषयशिक्षकांच्या चिठ्ठ्यांवर असतं: ‘तासाला त्रास देतो’, ‘उलट बोलते’. वर्गशिक्षकांच्या, म्हणजे जे आपला होमरूम खरंच घेतात त्यांच्या चिठ्ठ्यांवर असतं: ‘साधारण दहा दिवसांपासून’. मला सगळ्यात आधी लागतो तो हाच धागा, कधीपासून. तो मुलाला सांगता येत नाही, आईवडिलांना बरेचदा आठवत नाही, आणि दिवसाला एकच तास भेटणाऱ्या शिक्षकाला दिसत नाही. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, विषय बाजूला ठेवून पाहणाऱ्यालाच तो दिसतो. गणिताच्या तासाला गप्प बसलेलं मूल गणितामुळे गप्प आहे की आणखी कशामुळे, हे गणिताच्या तासाला कळणं फार कठीण.

दारात उभं राहण्याबद्दल: हे नुसतं चांगलं वाटणारं नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत माध्यमिक शाळेच्या १० वर्गांवर झालेला एक अभ्यास आहे. शिक्षकांनी दारात थांबून प्रत्येक मुलाला नाव घेऊन भेटायचं, एखादा चांगला शब्द बोलायचा, एवढंच. त्या वर्गांत मुलं कामात गुंतून राहण्याचं प्रमाण २० टक्केबिंदूंनी वाढलेलं दिसलं आणि व्यत्ययही कमी झाले. अभ्यास लहान आहे, त्यावर डोंगर उभा करू नका. पण कर्णरेषा सर, हे तुमच्यासाठीही आहे. वर्ग तासाला लवकर लागला तर ती मिनिटं गणितालाच मिळतात.

एक विनंती. होमरूम वाचवायचा म्हणून त्यात ‘सोमवारी मूल्यशिक्षण, मंगळवारी भावनांचा तक्ता’ असं काही भरू नका. असे तक्ते माझ्याकडे गठ्ठ्याने येतात. सगळी मुलं ‘आनंदी’वर खूण करतात.

कर्णरेषा

वाचलं सगळं. आकडे असलेलं जास्त वेळा वाचलं.

मला एक विचारायचं आहे, जुना_कॅटलॉग बाईंनाच. माझ्या वर्गातली पोरं त्या वेळात गृहपाठ उतरवतात. ते मी रोज पाहतो आणि चिडतो. तुमच्या जागी तुम्ही काय केलं असतं? आणि मला ते ‘दप्तर नवं का’ वगैरे बोलायला जमणार नाही. कृत्रिम वाटेल. मुलांना लगेच कळतं.

जुना_कॅटलॉग

सर, कळतं, खरं आहे. म्हणून तुम्ही ते बोलू नका.

उतरवणं चालू राहू दे, आठवडाभर. तुम्ही फक्त कोण कुणाची वही घेतं ते पाहा. एकाच मुलीची वही सहा जण घेत असतील तर तिच्यावर ओझं आहे, आणि नाही म्हणायची तिची छाती होत नसेल. कुणी कुणाचीच घेत नसेल आणि कुणाला देतही नसेल, तर ते मूल एकटं आहे. कालपर्यंत उतरवून देणारा आज स्वतः उतरवत असेल तर घरी रात्री काहीतरी झालंय. तुम्ही रोज चिडता म्हणजे तुम्ही रोज पाहता. गणिताच्या माणसाला हे सोपं जावं, बाण काढून बघा कोणाकडून कोणाकडे.

आणि बोलायचं तर तुमचंच बोला. एखादं कोडं, आकड्याची गंमत, ज्याचं उत्तर वहीत लिहायचं नाही आणि ज्याला गुण नाहीत. माझ्या शाळेत एक गणिताचे सर होते, होमरूममध्ये रोज फळ्यावर एक कोडं लिहायचे आणि गप्प खिडकीशी उभे राहायचे. पोरं त्यांच्याभोवती जमायची. त्यांना एकदा विचारलं तर म्हणाले, मला बोलता येत नाही हो बाई, मी नुसता उभा राहतो. त्यांच्या वर्गातल्या मुलांच्या घरचं त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं मलाही माझ्या वर्गाचं नव्हतं.

नववी_क_च्या_बाई

बैठक झाली. आज सांगायला आले आहे.

मी बोलले. आधी सोमवारचा माझाच हिशोब वाचून दाखवला, १४ मिनिटं कशी गेली तो. मग बुधवारचं सांगितलं, प्रगतिपुस्तकातल्या वाक्यासकट. ते सांगताना आवाज फुटला, पण सांगितलं. ७१ मिनिटांचा भागाकार फळ्यावर मांडला. तेव्हा आमचे पर्यवेक्षक स्वतः उठून आले आणि त्यांच्या वर्गाच्या ३८ मुलांनी भागून पाहायला लागले.

ठरलं ते असं. सोमवार, बुधवार, शुक्रवार होमरूम राहणार, त्यात सूचनावाचन पूर्ण बंद, सूचना फळ्याच्या चौकटीत. मंगळवार आणि गुरुवार गणिताचा सराव, पण तोही वर्गशिक्षकानेच वर्गात थांबून करून घ्यायचा, पत्रिका गणित विभाग देणार. सत्र संपल्यावर परत बघायचं. मला पाचही दिवस हवे होते. पण माझ्या त्या ११ मुलांकडे बघून मी दोन दिवसांना हात वर केला.

नाव मी अजूनही घेणार आहे, यंत्र असलं तरी. दोन_दप्तरं, तुमच्या मुलांच्या ‘गेन्की’मुळे. आमच्या मुलांना काय म्हणायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे म्हटलं. सोमवारी ते ठरवणार आहेत आणि आधीच दोन गट पडलेत.

त्या मुलीचा चष्मा आला. पहिल्या बाकावर बसवायला गेले तर नको म्हणाली, तिसऱ्यावरूनच दिसतंय म्हणे. प्रगतिपुस्तकातलं वाक्य खोडून खाली सही केली. तिच्या आईला बोलावून चूक माझी होती हेही सांगितलं.

एकच राहिलं, जुना_कॅटलॉग. पुढच्या सत्रापासून कॅटलॉगच नसेल. मग चाळीस पावलं मुलाकडे द्यायचं काय?

जुना_कॅटलॉग

खडूची डबी द्या. पण भरलेली ठेवा. अर्धी असली की चालताना खडू वाजतात आणि मूल हळू बोललं तर ऐकू येत नाही.